शिळी भाकरी खराब नसते

सकाळी घंटागाडी आली की आमच्या सांगलीतल्या गल्लीत ओल्या कचऱ्याच्या बादल्या रिकाम्या होतात. परवा एका बादलीत वरच तीन शाळूच्या भाकरी दिसल्या. बुरशी नाही, वास नाही, नुसत्या कडक झालेल्या. जीव हळहळला.

भाकरी कडक होते ती नुसतं पाणी उडाल्यामुळे नाही. गरम पाण्यात मळून भाजताना पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, म्हणून ती मऊ लागते. गार झाली की त्याचे रेणू पुन्हा एकमेकांना चिकटून घट्ट बसतात. फ्रीजच्या थंडाव्यात हे आणखी भराभर होतं, म्हणून फ्रीजमधली भाकरी लवकर वातड होते. पाण्याचा हात फिरवून, झाकण ठेवून तव्यावर गरम केली की ती बरीचशी सैल पडते. नाहीतर ताकात कुस्करायची, किंवा कांदा-मिरचीची फोडणी द्यायची. बुरशी दिसली तर मात्र अख्खी टाकायची.

भाताचं नेमकं उलटं. शिजवूनही न मरणारे काही जिवाणूंचे बीजाणू त्यात असतात. भात तासन्‌तास ओट्यावर राहिला तर ते वाढून विष तयार करतात आणि त्यातलं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून उरलेला भात पसरट ताटात निववून तास-दोन तासांत फ्रीजमध्ये ठेवावा.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024 च्या अहवालात भारतातल्या घरांमधलं वाया जाणारं अन्न माणशी वर्षाला सुमारे 55 किलो धरलंय. चौघांच्या घरात 220 किलो. यात साली-देठंही आली. ती निम्मी म्हणून सोडली आणि किलोला 40 रुपये धरले, तरी 4,400 रुपये जातात. महिन्याचा किराणा काटकसरीनं भरणाऱ्या घराला ही रक्कम लहान नाही.

पैशांपलीकडचं नुकसान कचऱ्याच्या ढिगात होतं. खाली दबलेल्या अन्नाला हवा मिळत नाही. तिथले जिवाणू त्याचा मिथेन करतात, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 27 पट उष्णता अडवतो. घरच्या कुंडीत, अधूनमधून हलवलेल्या खतात हवा खेळती राहते, त्यामुळे मिथेन फारच कमी होतो. साली-देठांची जागा तिथेच.

पण भाकरीची जागा कुंडीत नाही, ताटात आहे. आमच्याकडं आता पीठ काढायच्या आधी एक हाक जाते, "रात्री जेवायला कोण कोण आहे गं?" मग भाकरी मोजून थापायच्या.