पोलो जीटी मॉडिफाय करताय? आधी हे वाचा

चाकणला फोक्सवॅगन पोलो बनणं २०२२ मध्ये थांबलं. त्यामुळे आता आमच्या गॅरेजमध्ये येणाऱ्या बऱ्याच जीटी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या असतात. नवे मालक हौसेने विचारतात, "सतरा इंची अलॉय आणि स्टेज वन रीमॅप, किती होतील?" (रीमॅप म्हणजे ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलणं.) आम्ही म्हणतो, आधी गाडी लिफ्टवर घेऊ.

साठ-सत्तर हजार किलोमीटर झालेल्या गाडीचे शॉकअप बहुतेकदा थकलेले असतात. अंगावर तेलकट धूळ चिकटलेली दिसली, की सील गेलं. लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश चिरले असतील तर ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढते. हे तसंच ठेवून लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणारी आखूड स्प्रिंग) घालणं म्हणजे पैसे वाया. गाडी खाली घ्यायचीच असेल तर २५ मिलिमीटरपेक्षा जास्त नको, आणि त्या स्प्रिंगला जुळणारे शॉकअप सोबत घ्या. जुन्या शॉकअपवर आखूड स्प्रिंग घातली तर प्रत्येक स्पीडब्रेकरला सस्पेन्शन बम्पस्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी अडसरावर, आदळतं. नंतर अलाइनमेंट हवीच.

आता चाकं. सुरुवातीच्या जीटी टीएसआयला (टर्बो पेट्रोल) १८५/६० आर १५ टायर होते, म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या ६० टक्के, रिम १५ इंची. २०५/४५ आर १७ घातले तर एकूण व्यास जेमतेम १३ मिलिमीटरने वाढतो, पण टायरच्या कडेची उंची १११ वरून ९२ मिलिमीटरवर येते. खड्ड्यात रिम वाचवतं ते हेच रबर. कंपनीनेही पुढे १९५/५५ आर १६ दिले. रोज वापरायच्या गाडीला आम्ही तेच सुचवतो, आणि अलॉय शक्य तितकं हलकं. जुनं आणि नवं चाक तुमच्यासमोर काट्यावर ठेवतो, वजन स्वतः बघा.

सगळ्यात जास्त जपायचं ते बोल्टला. पोलोच्या मूळ बोल्टची बैठक गोलाकार असते, बाहेरच्या बऱ्याच अलॉयना निमुळती लागते. एक गाडी आमच्याकडे "ऐंशीला स्टिअरिंग थरथरतं" म्हणून आली होती. दुसरीकडे बसवलेल्या नव्या अलॉयमध्ये जुनेच बोल्ट होते, आणि ते फक्त कडेवर टेकलेले. काढून बघितले तर प्रत्येक भोकात एक चकचकीत बारीक रेघ पडलेली. ते चाक कधीही निघालं असतं. शिवाय मधलं भोक ५७.१ मिलिमीटरपेक्षा मोठं असेल तर हब रिंग (हबभोवतीची फट भरणारी कडी) लागते. बोल्ट आम्ही टॉर्क रेंचने १२० न्यूटन मीटरला आवळतो. शंभर किलोमीटर झाले की पुन्हा दाखवायला या, त्याचे पैसे घेत नाही.

ताकद वाढवणं शेवटी. १.२ टीएसआयचा मूळ टॉर्क (इंजिनची फिरवण्याची ताकद) १७५ न्यूटन मीटर, आणि तिच्या सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजीची, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची, मर्यादा २५०. रीमॅपनंतर मधलं अंतर फार उरत नाही. ट्रॅफिकमध्ये क्लचवर रांगत राहिलेली गाडी असेल तर क्लच तपासल्याशिवाय आम्ही रीमॅपला हात लावत नाही. गिअरबॉक्स धक्का देत असेल, तर तो खर्च आधी. खालच्या इंजिन माउंटला कडक इन्सर्ट घातला की जोरात निघताना पुढची चाकं कमी उड्या मारतात. थोडं व्हायब्रेशन आत येतं, ते चालणार असेल तरच घाला.

बेकायदा बदलाला मोटार वाहन कायद्यात दर बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. म्हणून बॉडीबाहेर येणारे टायर आणि आवाजी सायलेन्सर आम्ही बसवत नाही. बाकी बदल आधी इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवा.

येताना सर्व्हिसच्या पावत्या आणि लॉक बोल्टची (चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावलेल्या खास बोल्टची) चावी आणा. टेस्ट ड्राइव्हला तुम्ही शेजारी बसायचं.