सांधा शाबूत, पंख शेजारी तुटला

सुपरग्लूवर खाण्याचा सोडा भुरभुरा, आरसी, म्हणजे रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानाचा तुटलेला पंख दगडासारखा जोडला जाईल, असं सांगणारे व्हिडिओ फिरत असतात. रसायन खोटं नाही. सुपरग्लूमधल्या सायनोअॅक्रिलेटचे रेणू हवेतल्या ओलाव्याने एकमेकांना धरून लांब साखळ्या करतात. सोड्यासारखा अल्कधर्मी पदार्थ मिळाला की हेच काम क्षणात उरकतं. फक्त पंखाला दगड नको असतो. शिवाय पंख साध्या थर्माकोलसारख्या फोमचा असेल, तर नेहमीचा सुपरग्लू तो फोमच खाऊन टाकतो. त्याला फोम-सेफ गोंदच लागतो.

उडताना हवा पंखांना वर उचलते आणि मधोमध धडाचं वजन खाली ओढतं. त्यामुळे पंखाची वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते आणि मधला एक थर जवळजवळ निवांत राहतो. हा वाकवणारा जोर मुळाशी सर्वाधिक. ६० अंश कलून, उंची न सोडता वळण घेतलं की पंखावरचा भार थेट दुप्पट होतो. म्हणूनच पंखात कार्बन फायबरची ताठ पट्टी बसवून ‘कार्बन घातला, आता चिंता नाही’ असं कुणी म्हणताना ऐकलं की मला विचारावंसं वाटतं, घातला कुठे? जाडीच्या मधोमध पुरलेली पातळ पट्टी त्या निवांत थरात पडून राहते. ती वरच्या आणि खालच्या पृष्ठभागालगत हवी.

आणि ती संपते कशी, हे त्याहून महत्त्वाचं. कार्बन फोमपेक्षा कितीतरी ताठ, त्यामुळे बहुतेक ताण तोच उचलतो. पट्टी जिथे एकदम संपते, तिथे तो सगळा ताण फोमच्या अंगावर पडतो. दुरुस्त केलेला पंख पुढच्या वेळी सांध्याच्या अगदी कडेला तुटतो तो यामुळे. पट्टीची टोकं निमुळती करा, वरची आणि खालची पट्टी वेगवेगळ्या जागी संपवा.

बाल्सा या हलक्या लाकडाच्या स्पारला, म्हणजे पंखाच्या कण्याला, हाच न्याय. तुटलेली टोकं समोरासमोर चिकटवली तर गोंदावर सरळ ओढ येते, आणि लाकडाचे उघडे तंतू गोंद पिऊन टाकतात. त्याऐवजी १:१० उताराचा तिरका काप घ्या. ६ मिमी जाडीच्या स्पारला ६० मिमी लांब. गोंदाचं क्षेत्रफळ दहापट होतं. गणित असं: सांध्याला उघडू पाहणारा ताण उताराच्या कोनाच्या साइनच्या वर्गाइतका, म्हणजे मूळ ताणाच्या सुमारे १ टक्का, दोन तुकडे एकमेकांवरून सरकवू पाहणारा ताण साइन गुणिले कोसाइन, म्हणजे १० टक्क्यांच्या आसपास. इपॉक्सी गोंदाला सरकवणं सोसतं, सोलणं सोसत नाही. गोंदाचा थर मात्र पातळच ठेवा. सांध्यातून ओघळलेला गोंद ताकद वाढवत नाही, वजन वाढवतो.

ते वजन पंखाच्या टोकाजवळ असेल तर विमान त्या बाजूला झुकतं. रिमोटवर ट्रिम देऊन, म्हणजे एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी) कायम थोडा वळवून ठेवून, ते सरळ करता येतं, पण एकाच वेगाला. एलेरॉनचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो, वजन बदलत नाही. उतरताना वेग कमी झाला की जड पंख पुन्हा खाली जातो. त्यापेक्षा विमान नाकाला आणि शेपटीला बोटांवर तोलून बघा आणि वर राहणाऱ्या टोकाला चिकटपट्टीखाली थोडं वजन लावा.