लोकसहयोगी पेयजल अभियांत्रिकी शिक्षण (कोल्हापूर जिल्हा)

गावाच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी ग्रामस्थ, ग्रामपंचायत व जलसुरक्षक (गावच्या पाणीपुरवठ्याची व शुद्धीकरणाची देखभाल करणारा कर्मचारी) यांच्या जोडीने तपासावा, त्यावर उपाय करावा आणि ते काम पदवीच्या अभ्यासक्रमात धरले जावे, अशी शिक्षणपद्धती. मानवतावादी अभियांत्रिकीची ही एक शाखा होय.

तिच्या उगमाबद्दल एकमत नाही. आपत्तीग्रस्त भागांत अभियंते पाठवणारी ब्रिटनमधील ‘रेडआर’ (१९८०) किंवा फ्रान्समधील ‘सीमाविरहित अभियंते’ (१९८२) या संस्थांपासून आरंभ मानला जातो. परंतु त्यांचा मुख्य भर प्रत्यक्ष सेवेवर होता. समाजोपयोगी प्रकल्पांना श्रेयांक देण्याची पद्धत अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाने १९९५ मध्ये रुजवली. महाराष्ट्रापुरते मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ‘सितारा’ हे ग्रामीण भागासाठीच्या पर्यायी तंत्रज्ञानाचे केंद्र (१९८५) हा आरंभबिंदू अधिक सयुक्तिक वाटतो, कारण तेथे गावाचा प्रश्न हाच अभ्यासविषय ठरला. राज्य शासनाच्या उन्नत महाराष्ट्र अभियानामुळे (२०१६) राज्यातील इतर महाविद्यालयांना हे क्षेत्र खुले झाले.

कोल्हापूर जिल्ह्यात एकच आराखडा सर्वत्र लागू पडत नाही. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरीत जांभ्याच्या सड्यांखालचे (खडकाळ पठारांखालचे) झरे पावसाळ्यात गढूळ होतात व उन्हाळ्यात रोडावतात. शिरोळकडे उसाचे अतिसिंचन व क्षारपड जमीन यांमुळे विहिरींचे पाणी खारावते. पंचगंगाकाठी सांडपाण्याचा प्रश्न गंभीर आहे. इचलकरंजीतील २०१२ ची काविळीची साथ आणि २०१९ व २०२१ चे महापूर हे या भागातील अभ्यासाचे अपरिहार्य संदर्भ आहेत.

निर्जंतुकीकरणाचे गणित बारकाईने शिकवणे आवश्यक असते. ५०,००० लिटरच्या टाकीत लिटरमागे २ मिलिग्रॅम मात्रा हवी असल्यास १०० ग्रॅम क्लोरीन लागतो. ३३ टक्के शक्तीची (म्हणजे तेवढा उपयोगी क्लोरीन असलेली) टीसीएल अर्थात ब्लीचिंग पावडर त्यासाठी सुमारे ३०० ग्रॅम पुरते. दमट खोलीत पोते उघडे राहून शक्ती २० टक्क्यांवर आली, तर ५०० ग्रॅम घालावी लागते. संपर्ककाळ किमान अर्धा तास धरतात. पाण्याचा सामू (पीएच) ८ च्या वर गेल्यास क्लोरीनचा प्रभाव झपाट्याने घटतो. भारतीय मानक १०५०० नुसार मुक्त उर्वरित क्लोरीन (जंतू मारण्यासाठी पाण्यात शिल्लक राहिलेला) लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. तो टाकीपाशी नव्हे, वाडीतल्या शेवटच्या नळाला मोजणे इष्ट. प्रचलित ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्टमध्ये पिवळा रंग उशिरा वाचल्यास संयुक्त क्लोरीनही, म्हणजे अमोनियासारख्या पदार्थांशी जोडला गेलेला व जंतूंवर कमी प्रभावी असलेला क्लोरीनही, मोजला जातो. गुलाबी रंगाची डीपीडी चाचणी त्यामुळे अधिक विश्वसनीय होय.

जलसुरक्षकाला कोणता व्हॉल्व्ह कधी उघडतो व कोणत्या गल्लीत गळती आहे हे पाठ असते; नकाशा त्याच्यासोबत फिरूनच करावा लागतो. पाणी दूषित होण्याच्या धोक्यानुसार गावांना लाल (जास्त), पिवळे (मध्यम) व हिरवे (कमी) कार्ड देणारे स्रोत-सर्वेक्षण पावसाळ्यापूर्वी व नंतर होते. दूषितीकरणाचा धोका मात्र पहिल्या पावसात, महाविद्यालयांच्या सुट्टी-प्रवेशाच्या काळात, मोठा असतो. म्हणून असा प्रकल्प एका सत्रापुरता न ठेवता वर्षभर चालवावा लागतो.