जायकवाडी की नाथसागर? पैठणच्या पाण्याची पार्श्वभूमी

मराठवाड्यात समुद्र नाही, म्हणून पाण्याकाठची सहल म्हटली की गाड्या पैठणला वळतात. धरण, गार्डन, हिवाळ्यात पक्षी आणि येता-जाता नाथांचं दर्शन. यातलं दर्शन सोडलं, तर बाकीचं सारं गेल्या पन्नासेक वर्षांतलं आहे.

सातवाहनांची राजधानी, इथून वीस दिवसांच्या वाटेवरचं भडोच बंदर, हे शाळेतच वाचून झालेलं असतं. पुढे कित्येक शतकं पैठणला यायचा तो वारकरी, नाहीतर गोदाकाठी श्राद्ध घालायला आलेला माणूस. 'पर्यटक' आला तो धरणामागून.

खरा घोळ नावाचा. जायकवाडी हे गाव पैठणला नाहीच, ते बीड जिल्ह्यातलं. धरण आधी तिथं योजलं होतं. महाराष्ट्र झाल्यावर तज्ज्ञांनी नदीच्या वरच्या अंगाला जागा शोधली, म्हणजे कालव्याखाली जास्त रान येईल. जागा पैठणची ठरली, नाव मात्र जुन्या कागदावरचंच राहिलं. भूमिपूजन 18 ऑक्टोबर 1965 ला, लोकार्पण 24 फेब्रुवारी 1976 ला. साठलेल्या पाण्याला नाथसागर म्हणू लागले. त्यामुळे सिंचनाच्या फायलीत जायकवाडी, सहलीच्या जाहिरातीत नाथसागर, आणि गावात नुसतं 'धरण'. बारसं वादाचं नाही. जागा वर सरकवण्याचा निर्णय मात्र आजही बोलला जातो. लाभक्षेत्रातली माणसं त्याला दूरदृष्टी म्हणतात. सुमारे 35 हजार हेक्टर बुडालं, त्यातल्या गावांना हे कोणी विचारलं होतं का, असं धरणग्रस्तांच्या घरात ऐकू येतं. मला दुसरी बाजू जास्त पटते, कारण सहलीच्या माहितीफलकांवर ती सहसा सापडत नाही.

म्हैसूरच्या वृंदावन गार्डनवर बेतलेलं ज्ञानेश्वर उद्यान धरणाच्या पायथ्याशी झालं. त्याची रया मधल्या काळात पार गेली. 1986 मध्ये जलाशय पक्षी अभयारण्य झाला, तोही जायकवाडी नावानंच. पाणी उथळ, काठाला गाळपेर (पाणी ओसरल्यावर गाळात घेतलेली पिकं), म्हणून रोहित आणि करकोचे उतरतात. आता त्याच पाण्यावर तरंगते सौरपट (सोलर पॅनल) मांडायचा बेत आहे, आणि मासेमारी करणाऱ्यांचा त्याला विरोध.

गर्दी मात्र पक्ष्यांपेक्षा दरवाज्यांनाच जास्त. एकूण 27. धरण भरून ते उचलले की संभाजीनगरहून लोक बघायला धावतात. खालच्या अंगाची गावं त्याच वेळी जनावरं सोडून उंचावर नेत असतात.