सोलर बॅकअप घेताय? आधी घरातला न्यूट्रल तपासून घ्या
(इंदूरच्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

फोनवर बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "बसवायला किती वेळ लागेल?" पॅनेल, बॅटरी आणि सोलर इन्व्हर्टर बसवायला आमच्या दोन माणसांना अर्धा दिवस पुरतो. काम दुसऱ्या दिवसावर जातं ते गच्चीवरच्या कामामुळे नाही, घरातल्या वायरिंगमुळे. ही अडचण आम्ही पोहोचण्याआधीच सुटू शकते, म्हणून हे पत्रक.

सुरुवातीला एक खुलासा, कारण यावरून गैरसमज फार होतात. बिल कमी करणारं ऑन-ग्रिड सोलर आणि लाइट गेल्यावर पंखे चालवणारं बॅकअप सोलर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्य घर योजनेतली सबसिडी (3 किलोवॅट आणि त्यावर जास्तीत जास्त 78,000 रुपये) ग्रिडला जोडलेल्या सोलरला मिळते. बॅटरी नसलेलं ते सोलर लाइट गेली की स्वतःच बंद होतं, भर दुपारी ऊन असलं तरी. तसं झालं नाही तर घरातली वीज उलट लाइनवर जाईल आणि खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. नुसतं बिलच कमी करायचं असेल, तर ऑन-ग्रिड घ्या, असं आम्ही स्वतः सांगतो. वादळात, पावसाळ्याआधीच्या मेन्टेनन्सच्या दिवसांत घरातले पंखे, दिवे आणि वायफाय चालू राहायला हवे असतील, तर आमचं काम.

आता न्यूट्रल. वीज आणणारी वायर ती फेज आणि ती परत नेणारी वायर तो न्यूट्रल. इन्व्हर्टरवर घरातले निवडक पॉइंटच चालवायचे असतात. त्यासाठी त्यांचा फेज वेगळा काढावा लागतो, हे प्रत्येक वायरमनला ठाऊक असतं. न्यूट्रल मात्र "एकच तर असतो" म्हणून तसाच सोडला जातो. रामबाग, लोकमान्य नगर किंवा राजेंद्र नगरातल्या जुन्या घरांत मजले नंतर चढले, खोल्या वाढल्या आणि प्रत्येक वेळी जवळ सापडला तो न्यूट्रल जोडला गेला. सगळ्यात जास्त त्रास देतो तो जिन्यातला टू-वे (खालून आणि वरून, दोन्ही स्विचांनी चालणारा) दिवा. त्याचा फेज खालच्या मजल्यावरून येतो आणि न्यूट्रल वरच्या मजल्यावरचा असतो. वर्षानुवर्षं तो दिवा बिनतक्रार लागतो, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही.

खालचा मजला इन्व्हर्टरवर घेतला की हेच दुखणं बाहेर येतं. घरात आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असेल, तर तो फक्त एवढंच बघतो की गेलेला करंट तेवढाच परत आला की नाही. करंट एका सर्किटमधून गेला आणि दुसऱ्यातून परतला, की त्याला ती गळती वाटते आणि तो पडतो. काही घरांत दिवे मंद लागतात, काही ठिकाणी पंखा फिरतच नाही. आणि बॅकअपचा फेज एखाद्या बोर्डात मेन फेजला चिकटलेला राहिला असेल, तर लाइट परत येताच ती थेट इन्व्हर्टरच्या आउटपुटवर येते आणि आतलं कार्ड जळतं. अशा वेळी "मशीन खराब दिलं" असा फोन येतो. मशीन बदलून दिलं तरी दुसरंही तसंच जळणार, हे समजावताना तुमचा आणि आमचा दोघांचाही दिवस जातो.

म्हणून आमच्या तारखेआधी तुमच्या नेहमीच्या वायरमनला बोलावून एवढं करून घ्या. बॅकअपवरचे पॉइंट कागदावर लिहा. त्यांचा फेज आणि न्यूट्रल, दोन्ही वायरी मेन बोर्डापर्यंत स्वतंत्र आणा, न्यूट्रलला वेगळ्या रंगाची टेप लावा. मग मेन बंद करून, सगळे प्लग काढून आणि स्विच बंद ठेवून, वायरमनने मल्टीमीटर कंटिन्युइटीवर (वायरी जोडलेल्या असल्या की बीप वाजतो त्या सेटिंगवर) ठेवून पाहावं: बॅकअपचा न्यूट्रल बोर्डावरच्या बाकीच्या न्यूट्रलपासून पूर्ण सुटा असला पाहिजे. बीप वाजला, तर कुठेतरी जोड शिल्लक आहे. पहिल्यांदा जिन्यातला दिवा तपासा.

"दुसरे लोक त्याच दिवशी बसवून देतात, तुम्हीच आधी पाहणीला का येता?" असं विचारलं जातं. आम्ही बोर्ड उघडून पाहिल्याशिवाय सामान आणत नाही, कारण बसवून दिल्यावर वॉरंटीचा फोन आम्हालाच घ्यायचा असतो. पाहणीचे पैसे ऑर्डर दिल्यावर बिलातून वजा होतात.

लोडचा हिशेब सोपा आहे. 12 व्होल्ट 150 एएचच्या (अँपिअर-तास) बॅटरीत 1,800 वॉट-तास असतात, पण बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते, म्हणून हाताशी हजारेक धरा. साधा पंखा 75 वॉट घेतो. असे तीन पंखे, चार एलईडी आणि राउटर मिळून 270 वॉटच्या आसपास, म्हणजे साडेतीन तास. तेच पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) असले, तर सात तासांपर्यंत जातं. म्हणून दुसऱ्या बॅटरीऐवजी आम्ही आधी पंखे बदलायला सांगतो, त्यात आमची विक्री कमी होत असली तरी. फ्रिज, इस्त्री, गीझर आणि पाण्याची मोटर या लाइनवर नको. गणपतीतली लायटिंगची माळ चालेल, पण हॅलोजन नाही.

पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, 22-23 अंशांच्या उतारावर, टाकीची सावली पडणार नाही अशा जागी. एका कोपऱ्यावर सावली आली तरी पॅनेलची वीज बरीच घसरते. ऑनलाइन स्वस्तात मिळालेलं 72 सेलचं मोठं पॅनेल 12 व्होल्टच्या साध्या पीडब्ल्यूएम (पॅनेलला बॅटरीच्याच व्होल्टेजवर ओढणाऱ्या) इन्व्हर्टरला जोडलं, तर निम्मी वीज तरी वाया जाते. त्याला एमपीपीटीच (पॅनेलचा जास्त व्होल्टेज बॅटरीला जुळवून घेणारा) हवा. पॅनेल आधीच घेतलं असेल, तर त्यामागच्या स्टिकरचा फोटो पाठवा, जुळतं की नाही ते लगेच सांगू. पॅनेल सकाळी साध्या पाण्याने धुवा, तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. नर्मदेचं, बोरिंगचं किंवा आरओचं पाणी चालत नाही. बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, त्यामुळे ती बंद कपाटात किंवा देवघराशेजारी ठेवू नका.

एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे तारखा लवकर भरतात. व्हॉट्सअ‍ॅपवर मेन बोर्डाचा, जिन्यातल्या दोन्ही स्विचांचा आणि गच्चीचा फोटो, सोबत पॉइंटांची यादी पाठवली, तर पाहणीआधीच अंदाजपत्रक देता येतं. फोटोसाठी बोर्डाचं झाकण उघडू नका, ते आमचा माणूस येऊन उघडेल.