लायनरखालचं मीठ

देवगडला माझ्या मामेभावाकडे एक जुनी जीप आहे. तीन वर्षांपूर्वी त्याने तिचे मडगार्ड, दारांखालचे पट्टे आणि मागचा हौदा यांना काळं, खरखरीत लायनर, म्हणजे फवारून बसवायचा जाड प्लास्टिकचा थर, मारून घेतलं होतं. गेल्या दिवाळीत मी गाडीखाली आडवा झालो आणि दाराखालच्या पट्ट्यावर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत पुढे सरकत गेलो. टण्, टण्, टण्, आणि एका ठिकाणी भद्द. वरून थर अगदी शाबूत होता, साधा ओरखडाही नव्हता. ब्लेडने चीर देऊन उचलला, तर तळहाताएवढा तुकडा भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा सुटून हातात आला. मागे पत्रा जवळपास उरलाच नव्हता, नुसता तांबूस भुगा होता.

"पण दादा, लायनर तर नव्यासारखंच आहे की," तो म्हणाला.

त्याचं म्हणणं बरोबर होतं. लायनरने स्वतःला छान जपलं होतं, पत्र्याला नाही. हे असं कसं होतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण हल्ली डोंगरात गाडी घालणारे पुष्कळजण हा खर्च करतात आणि जवळजवळ सगळे फक्त वरच्या थराचीच चौकशी करतात.

हे लायनर मूळचं अमेरिकेतल्या पिकअप ट्रकचं. हौद्यात विटा, पाइप, लाकडाचे ओंडके आपटून रंग उडायचा म्हणून आधी तिथे प्लास्टिकचे तयार साचे बसवत. गाडीच्या हादऱ्यांनी तो साचा पत्र्यावर घासत राही, त्याच्या खाली पाणी साचे आणि झाकलेल्या जागी हौदा कुजे. मग साचा बसवण्याऐवजी थेट पत्र्याला चिकटणारा थर फवारायची पद्धत आली. जे हौद्याला चालतं ते बाहेरून का चालणार नाही, असा विचार जंगलात, खडकांवर गाडी नेणाऱ्यांनी केला आणि अख्ख्या जीपला लायनर मारायला सुरुवात झाली. नाशिकच्या कारखान्यातून निघालेल्या थारवरही आता ते दिसतं.

या थराचं रसायनशास्त्र फार सुंदर आहे. डब्यात दोन भाग येतात, एक राळ आणि दुसरा हार्डनर. हार्डनरमधल्या रेणूंच्या टोकांना नायट्रोजन, कार्बन आणि ऑक्सिजन अशा तीन अणूंचा एक गट असतो, त्याला आयसोसायनेट म्हणतात. हा गट भलता उतावळा. राळेतला हायड्रॉक्सिल गट भेटला की त्याच्याशी जुळून युरेथेन तयार करतो, अमाइन भेटलं तर युरिया. अशा हजारो जोडण्यांनी साखळ्या आणि साखळ्यांचं जाळं बनतं, तेच पॉलियुरेथेन किंवा पॉलियुरिया. रसायनशास्त्रज्ञ ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीत लेव्हरकुसेन इथे १९३७ साली पॉलियुरेथेनची वाट उघडली. बुटांचे तळवे, गाद्यांचा फोम, फ्रिजच्या भिंतीतलं भरण आणि आपलं लायनर, ही सगळी एकाच कुळातली.

पॉलियुरियाची क्रिया इतकी वेगवान असते की काही सेकंदांत थर घट्ट होतो. त्यामुळे दोन्ही भाग ६५ ते ७० अंश सेल्सियसला तापवून, प्रचंड दाबाने गनच्या तोंडाशीच एकत्र आणावे लागतात. त्याला महागडी यंत्रणा लागते. साध्या गॅरेजमध्ये मिळतं ते बहुधा पॉलियुरेथेन. बाटलीत हार्डनर ओता, दोन-तीन मिनिटं चांगलं हलवा, कंप्रेसरच्या गनने मारा. एकदा मिसळलं की तासाभरात संपवायचं, नाहीतर बाटलीतच दगड होतो.

आता ताकद कुठून येते ते बघू. या साखळ्यांचे काही भाग मऊ आणि लवचीक असतात, काही कडक. कडक भाग शेजारच्या साखळीतल्या कडक भागांना हायड्रोजन बंधांनी धरून राहतात. दगड बसला की यातले कित्येक बंध सुटतात, त्यात धक्क्याची ऊर्जा खर्ची पडते, आणि जोर सरला की बंध पुन्हा जुळतात. कंपनीचा रंग असं करू शकत नाही. त्याचे सगळे थर मिळून जाडी शंभर-सव्वाशे मायक्रॉन, म्हणजे दोन केसांएवढी, आणि वरचा चकचकीत थर कडक. करवंदीच्या जाळीतून गाडी काढली की काटा त्याच्यावर रेघ मारतो आणि ती रेघ कायमची राहते. लायनर काट्याखाली दबतं आणि परत वर येतं. शिवाय खरखरीतपणामुळे काटा फक्त उंचवट्यांना शिवतो, आणि उजेड आधीच विखुरलेला असल्याने बारीक रेघ डोळ्याला दिसतच नाही. अमेरिकी हवाई दलाच्या प्रयोगशाळेने तर काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या भिंतींना आतून पॉलियुरिया फवारून बाहेर स्फोट घडवून पाहिले. भिंती तडकल्या, पण फवारलेल्या थराने तुकडे धरून ठेवले.

मग देवगडची जीप का कुजली?

कारण कुठलंही प्लास्टिक पूर्णपणे जलाभेद्य नसतं. पाण्याची वाफ सावकाश का होईना, त्यातून आरपार जाते. थर पत्र्याला रेणूरेणूने चिकटलेला असेल तर या पाण्याला साचायला जागाच मिळत नाही आणि गंजाला सुरुवात करता येत नाही. पण थराखाली मीठ राहिलं असेल तर गोष्ट बदलते. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की तासाभरात भांड्यात पाणी सुटतं. मीठ फोडीच्या आतलं पाणी पेशींच्या पडद्यातून बाहेर ओढतं. इथे पडदा लायनरचा आणि मीठ आतल्या बाजूला, म्हणून ओढ उलट्या दिशेने लागते. पावसाचं पाणी थरातून आत खेचलं जातं आणि मिठाभोवती बारीक फोड येतो. त्या फोडात खारं पाणी, त्यात विरघळलेला ऑक्सिजन आणि खाली लोखंड. क्लोराइडमुळे पाण्यातून वीज सहज वाहते, गंज वेग घेतो. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून तो थराला आतून ढकलतो, चिकटलेली कड सुटते आणि पाण्याला पुढची जागा मिळते. कमी ताणला जाणारा रंग असता तर टचकन फुटून तांबडा डाग दिसला असता आणि मालक सावध झाला असता. लायनर चिवट असल्यामुळे ताणलं गेलं, फुटलं नाही, आणि तीन पावसाळे आतलं काहीच कळलं नाही.

किनाऱ्यावर हे मीठ कुठून येतं ते सांगायला नको. वाऱ्याबरोबर उडालेले लाटांचे तुषार सुकतात आणि बंदरापासून आत उभ्या असलेल्या गाडीवरही क्षार बसतात. घामट बोटाचा ठसासुद्धा पुरतो. म्हणून माझं ठाम मत आहे की या कामातलं सगळ्यात मोलाचं साहित्य म्हणजे गोड्या पाण्याची बादली. सँडपेपर मारायच्या आधी पत्रा धुवायचा, कारण मीठ अंगावर असताना घासलं तर ते ओरखड्यांत भरलं जातं. मग मेणाचं आणि सिलिकॉनचं पॉलिश द्रावकाने पुसून काढायचं, मग १८० ते २२० नंबरच्या पेपरने चकाकी पूर्ण घालवायची. या ओरखड्यांत थर शिरतो आणि पकड घेतो.

काम नीट झालं का हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. पत्र्यावर स्वच्छ पाणी शिंपडा. पाणी अखंड पातळ पडद्यासारखं पसरून राहिलं तर पृष्ठभाग स्वच्छ आहे. अळूच्या पानावर जमतात तसे थेंब जमले, तर तिथे अजून तेल किंवा मेण आहे आणि तिथेच उद्या लायनर सुटणार आहे. उघड्या लोखंडावर थेट लायनर मारणं तर चूकच. आधी इपॉक्सी प्रायमर हवा. तो लोखंडाला घट्ट धरतो आणि पाण्याला बऱ्यापैकी अडवतो. लायनर हे त्याच्यावरचं चिलखत.

कोकणात आणि घाटमाथ्यावर मुहूर्तही पाहावा लागतो. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं त्या तापमानापेक्षा, किमान तीन अंश जास्त असावं, असा या धंद्यातला नियम आहे. जुलैत हवा २७ अंशांवर आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दवबिंदू २५ च्या वर जातो. फरक दोन अंशांहूनही कमी, म्हणजे डोळ्यांना कोरडा दिसणारा पत्रा थोडा जरी गार असला तरी त्याच्यावर दव धरतं. आणि आयसोसायनेटला पाणी भेटलं की ते पाण्याशीच जुळतं, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि थरात बुडबुडे होतात. फोमच्या गादीत हेच हवं असतं, गाडीवर नको. तेव्हा हे काम डिसेंबर ते मार्चमधलं.

एक गोष्ट मात्र रंगकाम करणाऱ्या माणसांसाठी कळकळीने सांगायची आहे. आपल्याकडे पेंटर तोंडाला हातरुमाल बांधून हे फवारतात. भोपाळला १९८४ मध्ये जो वायू सुटला तो मिथाइल आयसोसायनेट, याच कुळातला. तो ३९ अंशांनाच उकळतो, म्हणून तो हवेत पसरला. हार्डनरमधले रेणू मोठे आणि जड असतात, ते तसे उडून जात नाहीत, त्यामुळे दोघांना एका मापाने मोजू नये. पण गनमधून निघणाऱ्या धुक्यावर बसून ते फुप्फुसात पोचतातच. वारंवार संपर्क आला तर शरीर त्यांच्याविरुद्ध चिडून उठतं आणि दमा जडतो. एकदा असं झालं की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही श्वास अडतो, आणि त्या माणसाला हे काम सोडावं लागतं. रुमाल किंवा धुळीचा मास्क इथे निरुपयोगी आहे. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क हवा. तो नसेल तर रोलरने लावावं, उघड्या हवेत, हातमोजे घालून, योग्य फिल्टरचा मास्क लावून. धुकं उडत नसल्याने धोका बराच कमी होतो. फिनिश थोडं ओबडधोबड येईल, येऊ दे.

काही प्रश्न नेहमी विचारले जातात. बोनेटला मारलं तर इंजिन तापेल का? एक मिलिमीटर प्लास्टिक उष्णतेला जेवढं अडवतं, त्याच्या कितीतरी पट बोनेटलगतची स्थिर हवा आधीच अडवत असते, आणि इंजिनाची उष्णता मुख्यतः रेडिएटर बाहेर टाकतो. त्यामुळे काळजी नसावी. वजन? दहा चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे दहा लिटर, साधारण अकरा किलो. ऊन? अरोमॅटिक आयसोसायनेटचा थर उन्हात पिवळट आणि भुरकट पडतो, अ‍ॅलिफॅटिकचा टिकतो. बाहेरच्या पत्र्याला अ‍ॅलिफॅटिकचाच घ्यावा. रंग बदलत असाल तर आरटीओत आरसीवर नोंद करून घ्या. आणि जीपवाल्यांचा लाडका ऑलिव्ह ग्रीन विसरा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या १२१ व्या नियमाने तो रंग संरक्षण दलांच्या गाड्यांसाठी राखून ठेवलेला आहे. हा थर पुन्हा काढणंही सोपं नाही. जाळं एकदा बनलं की थिनरमध्ये विरघळत नाही, हीटगन आणि पटाशी घेऊन दिवसच्या दिवस खरवडावं लागतं.

हे खरवडण्याचं काम आम्ही जानेवारीत केलं. कुजलेला पट्टा कापून नवा पत्रा वेल्ड केला, तेव्हा दुसरा दोषही सापडला. दाराखालच्या पोकळ पट्ट्याला तळाशी पाणी निथळायची छोटी भोकं असतात, ती आधीच्या कामात लायनरने बुजली होती. आत शिरलेलं पाणी तीन वर्षं आतच राहिलं होतं. बाहेरून मीठ, आतून साचलेलं पाणी, मधला पत्रा कसा टिकणार? या वेळी मामेभावाने प्रत्येक भोकात माडाच्या हिराची काडी खोचून ठेवली आणि थर ओला असतानाच काढून घेतली.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला, त्या रात्री त्याचा फोन आला. गाडी पडवीत आणून तो टॉर्च घेऊन खाली वाकला होता. दोन्ही बाजूंच्या सगळ्या भोकांतून पाणी ठिबकत होतं. मला फोनवरून मोजून दाखवलं त्याने, डावीकडे चार आणि उजवीकडे चार.