दालचिनी पिठात घातली आणि पीठ रुसलं

माझी मावशी गोथेनबर्गला राहते. तिच्या स्वीडिश सासूबाईंच्या वहीतली ‘कनेलबुल्ले’ची, म्हणजे दालचिनी रोलची, कृती तिने आईला कधीतरी पत्रातून पाठवली होती. अर्धा लिटर दूध, 150 ग्रॅम लोणी, 50 ग्रॅम ताजं यीस्ट, साखर, भरडलेला वेलदोडा आणि मैदा ‘मावेल तेवढा’. दूध किती गरम? ‘फिंगरवार्म’, बोट बुडवलं तर ना गार लागावं ना गरम. म्हणजे 37 अंश, आपल्या अंगाइतकंच. शेवटी एक ओळ अधोरेखित: दालचिनी फक्त सारणात.

पहिल्याच खेपेला मी शहाणपणा केला. सारणात दालचिनी आहेच, पिठातही दोन मोठे चमचे घातली तर वास दुप्पट येईल, असा हिशेब. पीठ छान तिंबलं, भांड्याच्या कडेला पेनाने खूण केली, वर ओलं फडकं टाकलं. दीड तासाने पाहिलं तर गोळा खुणेपासून जेमतेम अर्धं बोट वर. यीस्ट शिळं असेल म्हणून त्याच पाकिटातलं चिमूटभर कोमट गोड दुधात टाकून पाहिलं, तर दहा मिनिटांत वर फेसच फेस. यीस्ट ठणठणीत होतं.

गुन्हेगार दालचिनीच होती. तिचा वास आणि तिखट-गोड चटका प्रामुख्याने सिनॅमाल्डिहाइड या रसायनाचा. द्यूमा आणि पेलिगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी 1834 मध्ये ते दालचिनीच्या तेलातून वेगळं काढलं. आपल्याला तो सुगंध वाटतो, पण झाडाच्या सालीत असली रसायनं बुरशी आणि जंतूंना आवर घालतात. आणि यीस्ट म्हणजे तरी काय? एकपेशीय बुरशीच! सिनॅमाल्डिहाइड तिच्या पेशीच्या पडद्याला इजा करतं आणि आतल्या प्रथिनांना जाऊन चिकटतं. सगळ्या पेशी मरतात असं नाही, पण साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडण्याचं त्यांचं काम मंदावतं. वायू नाही तर फुगणं नाही.

सारणात हीच दालचिनी निरुपद्रवी का? कारण तिथे ती लोण्यात मिसळून एका पातळ थरात बसलेली असते. पिठाला तिचा स्पर्श फक्त पृष्ठभागावर होतो, आतलं यीस्ट आपल्या कामात दंग. शिवाय सारण लागेपर्यंत पहिलं फुगणं उरकलेलं असतं. वेलदोड्याचा असा त्रास नाही. त्याचा वास मुख्यतः सिनिओल आणि टर्पिनिल ॲसिटेट यांचा, आणि रोलमध्ये पडतो तेवढ्याने यीस्टचं काही बिघडत नाही. म्हणून तो खुशाल पिठात. सासूबाईंना यातलं एकही नाव ठाऊक नसणार. त्यांच्या आधी कुणाचं तरी पीठ रुसलं असणार, एवढं नक्की.

आता दालचिनी कोणती? बाजारात बहुतेकदा मिळते ती कॅसिया: जाड, टणक, एकाच थराची गुंडाळी. सिलोनी दालचिनी कागदासारख्या पातळ पापुद्र्यांची, बोटाने चुरडता येणारी, वासाने सौम्य. आपल्या कोकणात लावतात ती याच सिलोनी जातीची. फरक नुसत्या चवीचा नाही. कॅसियात कूमरिन नावाचं द्रव्य बरंच असतं, सिलोनीत नाममात्र. ते जास्त प्रमाणात सतत पोटात गेलं तर काहींच्या यकृताला त्रास होऊ शकतो. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेच्या हिशेबाने 60 किलोच्या माणसाला रोज 6 मिलिग्रॅमपर्यंत चालतं. यावरून 2013 मध्ये डेन्मार्कात गंमतच झाली. युरोपीय नियमानुसार ‘पारंपरिक किंवा सणासुदीच्या’ दालचिनी पदार्थांत किलोला 50 मिलिग्रॅम कूमरिन चालतं, एरवीच्या गोड बेकरी पदार्थांत 15. डॅनिश अधिकारी म्हणाले, आमचे दालचिनी रोल रोजचे, तेव्हा 15. शेजारच्या स्वीडनने आपले रोल पारंपरिक ठरवून टाकले होते. बेकरीवाले खवळले, ते साहजिकच. आठवड्यातून एखादा रोल खाणाऱ्याने याची धास्ती घेऊ नये.

राहता राहिलं ते 50 ग्रॅम यीस्ट. अर्ध्या लिटर दुधाला हे भरपूरच झालं. पण साखर पाणी ओढून घेते, त्यामुळे यीस्टची दमछाक होते. लोणी मैद्यातल्या ग्लूटेनच्या धाग्यांना वेढून बसतं आणि पीठ जड होतं. त्यात स्वीडनमधला हिवाळा. इतक्या अडथळ्यांपुढे फौज मोठी हवीच. आमच्याकडे एप्रिलात ओट्यावरचं दूध न तापवताच जवळजवळ ‘फिंगरवार्म’ असतं. तेवढंच यीस्ट घातलं तेव्हा पीठ अर्ध्या तासात भांड्याबाहेर आलं, आणि भाजलेल्या रोलला आंबूस, दारूसारखा वास येत होता. यीस्ट वायूबरोबर अल्कोहोलही करतं ना, आणि घाईघाईत फुगलेल्या पिठात चव मुरायला वेळच मिळत नाही.

म्हणून आईने उतरवून घेतलेल्या कृतीत 50 या आकड्याशेजारी आता माझ्या अक्षरात पेन्सिलने लिहिलंय: ‘मार्च ते जून 25’.